अनसूयाबाई काळे: सभागृहात आणि सभागृहाबाहेर

(दापोडे, ता. भिवंडी येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या पुष्पासाठी मी जे नाव निवडलं आहे, ते या पट्ट्यात फारसं कुणाच्या कानावर पडलेलं नसेल. अनसूयाबाई पुरुषोत्तम काळे. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या नागपुरातून लोकसभेवर निवडून आल्या. 1957 साली नागपूरकरांनी त्यांना पुन्हा दिल्लीला पाठवलं आणि पुढच्याच वर्षी, खासदार असतानाच त्या गेल्या. या दोन निवडणुकांच्या मागे जवळजवळ पाव शतकाचं काम आहे. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्याबद्दल, कारण दिल्लीला पोचण्याआधीच ही बाई सभागृहाची खुर्ची मिळवून, सोडून, पुन्हा मिळवून पारखून बसली होती.

ठाणे जिल्ह्याला लढणाऱ्या बाईची ओळख करून द्यायला नको. 1945 च्या जानेवारीत इथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. तिथे तलासरीकडचे वारलीही गेले होते. त्यानंतर गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून हिंडल्या, आणि वेठबिगारीविरुद्धचा जो लढा उभा राहिला तो त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. राजकारणातली बाई म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर अशीच बाई येते: अनवाणी, जंगलात, मोर्चाच्या पुढे. तिच्याबद्दलचा आदर रास्तच आहे. पण सभागृहात तासन्‌तास बसणारी, विधेयकाचं एकेक कलम वाचणारी, दुरुस्ती सुचवणारी, मतविभागणीला हजर राहणारी बाई आपल्या गोष्टींत येत नाही. तिच्यावर पोवाडा कोण रचणार? आणि तरीही तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर जे नाव चढतं किंवा उतरतं, ते ज्या कायद्यांनी, ते कायदे सभागृहातच झाले. त्यात बायकांचा आवाज पोचावा म्हणून अनसूयाबाईंच्या पिढीने आयुष्य घातलं. ही गोष्ट दापोड्यात सांगायला हवी असं मला का वाटतं, ते शेवटाकडे येईल.

आधी हे लक्षात घेऊ, की त्या काळी बाईला सभागृहात पोचण्याची वाटच नव्हती. 1917 च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं एक शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं आणि मतदानाचा हक्क मागून आलं. त्यावर साउथबरो समितीने निर्णय दिला की हिंदुस्थानातल्या समाजाची अजून तेवढी तयारी नाही. पडद्याचं कारण पुढे केलं गेलं. मग 1919 च्या कायद्याने सरकारने हा प्रश्न प्रांतांवर ढकलला: ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पुरुषांनी, ठरवावं. मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी 1921 मध्ये बायकांना मत दिलं. मध्य प्रांत बरीच वर्षं मागे राहिला. आणि हे मत तरी कुणाला? सारा किंवा कर भरणाऱ्याला, मिळकत असणाऱ्याला. आपल्याकडच्या आगरी, कोळी, वारली घरांत तेव्हा पुरुषालाही मत सहसा नव्हतं, बाईची तर गोष्टच सोडा. कौन्सिलात बसण्याची परवानगी त्याहूनही उशिरा, 1926 मध्ये आली. 1927 साली मद्रासच्या कौन्सिलात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी आल्या आणि त्या सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या.

त्यानंतर वर्षभरात, 1928 मध्ये, अनसूयाबाई मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळावर आल्या. त्यांचा जन्म 1896 चा, बेळगावचा. लग्न होऊन काळ्यांच्या घरात आल्यावर नागपूर त्यांची कर्मभूमी झालं. नागपूर ही तेव्हा प्रांताची राजधानी होती, आणि तिथलं वातावरण तापलेलं होतं. 1920 च्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव तिथेच पक्का झाला होता. 1923 चा झेंडा सत्याग्रहही तिथलाच. अशा शहरात त्यांना जागा मिळाली ती सरकारनियुक्त सदस्याची.

हा मुद्दा मला टाळायचा नाही. नियुक्त सदस्य सरकारच्या बाजूने हात वर करतो, अशीच सर्वांची अपेक्षा असे आणि बहुतेक वेळा ती खरी ठरे. चळवळीतल्या माणसांच्या लेखी नियुक्त सभासद म्हणजे सरकारचा माणूस. मग ही जागा घ्यावी की नाही? मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. निवडून येण्याची वाट जवळपास बंद असताना जे दार किलकिलं झालं आहे, त्यातून आत जाऊन आतलं काम शिकून घेणं याला मी मिंधेपणा म्हणणार नाही. अंदाजपत्रक कसं मांडतात, प्रश्न कसा विचारतात, सरकार उत्तर देताना काय लपवतं, हे बाहेर बसून कळत नाही. आणि त्या मिंध्या झाल्या नाहीत याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. 1930 साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा अनसूयाबाईंनी विधिमंडळाचा राजीनामा दिला आणि त्या चळवळीत उतरल्या.

मध्य प्रांताला समुद्र नाही. मीठ करायचं कुठे? वऱ्हाडात अकोल्याजवळच्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. बाकी ठिकाणी लोकांनी जंगलाचा कायदा धरला. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. त्याच सालच्या 25 सप्टेंबरला आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला. तोही जंगल सत्याग्रहच. चिरनेरच्या हुतात्म्यांचा अभिमान आगरी-कराडी-आदिवासी माणूस अजून बाळगतो. नागपूरच्या विधिमंडळातली खुर्ची सोडून आलेली बाई आणि चिरनेरच्या माळावर उभा राहिलेला शेतकरी यांची कधी भेट झाली नसेल, पण एकाच वर्षी, एकाच कारणासाठी दोघांनीही आपापलं जे होतं ते पणाला लावलं.

त्यानंतरची सात वर्षं मी भरभर ओलांडतो. या काळात बायकांच्या संघटना कायद्याच्या कामात मुरल्या. अखिल भारतीय महिला परिषद 1927 च्या जानेवारीत पुण्याला सुरू झाली, ती मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर. पण शिक्षणाचा विचार करता करता बालविवाहाशी गाठ पडली, बालविवाहावरून वारसाहक्काशी. 1934 च्या नोव्हेंबरात या परिषदेने हिंदू स्त्रीवर कायद्याने लादलेल्या अन्यायांविरुद्ध देशभर एक दिवस पाळला. अनसूयाबाई या परिषदेच्या कामात होत्या आणि पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या.

1935 चा कायदा आला तसा मताचा हक्क थोडा रुंदावला. मतदार पुरुषाची बायको, सैनिकाची विधवा, लिहिता-वाचता येणारी स्त्री, अशांची नावं यादीत जाऊ लागली. साधारण साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या. प्रांतिक विधानसभांत सगळ्या देशात मिळून 41 जागा बायकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आपल्या मुंबई प्रांताला 175 पैकी 6, मध्य प्रांत आणि वऱ्हाडला 112 पैकी 3. एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. स्त्री-संघटनांपैकी बऱ्याचजणींना राखीव जागा नकोच होत्या. त्यांची मागणी सगळ्या प्रौढांना सरसकट मत द्या अशी होती. सरकारने ती फेटाळली आणि राखीव जागा हातात ठेवल्या. घ्यायच्या की नाकारायच्या, हा पेच पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा बायकांनी जे मिळालं ते घेऊन पुढे जाण्याचं ठरवलं.

1937 च्या निवडणुकीत मध्य प्रांतात काँग्रेसला 112 पैकी 70 जागा मिळाल्या. डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि उपाध्यक्षपदी अनसूयाबाई काळे. ज्या विधिमंडळातून सात वर्षांपूर्वी त्या राजीनामा देऊन निघाल्या होत्या, त्याच प्रांताच्या सभागृहाच्या आसनावर बसण्याचा अधिकार त्यांना मिळाला.

उपाध्यक्षाचं काम म्हणजे काय, ते थोडं सांगतो. अध्यक्ष उठून गेले की उपाध्यक्षाने आसनावर बसायचं. कुणाला बोलू द्यायचं, कुणाला थांबवायचं, हरकतीचा मुद्दा मान्य करायचा की फेटाळायचा, हे त्या क्षणी ठरवायचं. आसनावर असेपर्यंत आपल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही. समोर बसलेले कोण? वकील, मालगुजार, सावकार, मुरलेले पुढारी. घरात बाईच्या तोंडून ‘बसा खाली’ हे शब्द ज्यांनी कधी ऐकले नव्हते, त्यांना ती सभागृहात ते सांगू शकत होती, आणि त्यांना बसावं लागत होतं. भाषणं पुष्कळांनी केली असतील. पण नियमांच्या आधाराने पुरुषांच्या सभेला शिस्त लावण्याचा अधिकार एका बाईच्या हाती असणं, ही मला स्वतःला त्या काळातली फार मोठी घटना वाटते.

त्या एकट्या नव्हत्या. त्याच सुमाराला मद्रासच्या विधानसभेत रुक्मिणी लक्ष्मीपती उपाध्यक्ष होत्या, सिंधमध्ये जेठी सिपाहीमलानी, संयुक्त प्रांताच्या वरिष्ठ सभागृहात बेगम ऐजाज रसूल. चार प्रांतांत चार बायका आसनावर. यानंतर लोकसभेला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती 2009 मध्ये, मीरा कुमार. महाराष्ट्राच्या विधानसभेला तर आजवर एकही स्त्री अध्यक्ष मिळालेली नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, आमदारांच्या गाड्या धावतात, मोर्चे अडवले जातात, बातम्या होतात. त्या शहरात 1937 साली एक मराठी बाई सभागृहाचं कामकाज चालवत होती, हे किती बातम्यांत येतं?

1939 च्या अखेरीला, सरकारने हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला आणि सभागृहाचं काम थंडावलं. खुर्ची पुन्हा सुटली. यानंतरचा अनसूयाबाईंच्या आयुष्यातला भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि त्यात त्यांच्याकडे कुठलीही सत्ता नव्हती.

16 ऑगस्ट 1942. नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातलं चिमूर. मुंबईतला ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडा उलटला होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं त्या भागात घुमत होती, लोक पेटले होते. प्रभातफेरीवर गोळीबार झाला, जमाव बिथरला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, तिथेही गोळीबार झाला, तिथेही दोन्हीकडची माणसं मेली. मग चिमूरला लष्कर आलं. गावातले पुरुष धरून नेले गेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले.

त्या अत्याचारांची चौकशी करायला सरकार तयार नव्हतं. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी उपवास सुरू केला, तो 63 दिवस चालला आणि 1943 च्या जानेवारीत सुटला. दुसरीकडे खास न्यायालयांपुढे खटले चालले आणि चिमूर-आष्टीच्या अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या.

या माणसांना फासावरून उतरवण्याच्या मोहिमेत अनसूयाबाई पुढे होत्या. अशा कामाला काय लागतं, याचा विचार करा. वकील उभे करायचे, त्यांच्यासाठी पैसा जमवायचा. अपील फेटाळलं की दयेचा अर्ज, तो फेटाळला की पुन्हा वरचा अर्ज. तारखांवर नजर ठेवायची, कारण एक तारीख चुकली तर माणूस जातो. मोठ्या पुढाऱ्यांना या खेड्यांची नावं विसरू द्यायची नाहीत. यातलं काहीच डोळ्यांत भरणारं नाही. तुरुंगात जाण्याला लोक हार घालतात, दयेच्या अर्जाला कोण हार घालणार? गांधीजींनीही या कैद्यांसाठी शब्द टाकला. फाशी लांबत गेली, आणि अखेर 1945 च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपताना, व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्यांच्या फाशीच्या शिक्षाही बदलल्या.

ज्यांनी अधिकाऱ्यांचा खून केला असा आरोप होता, त्यांच्यासाठी अहिंसेच्या चळवळीतल्या बाईने का झटावं, असा प्रश्न तेव्हाही उठला असणार. माझं उत्तर असं आहे: लष्कराने चिमूरच्या बायकांवर जे केलं त्याबद्दल एकालाही न्यायालयापुढे उभं केलं गेलं नाही, आणि गावकऱ्यांना मात्र घाईघाईने फाशी. अशा वेळी कायद्याची पुस्तकं उघडून एकेका जिवासाठी भांडणं हे मला अहिंसेचंच काम वाटतं. आणि हे काम त्यांना जमलं, कारण सभागृहात बसून सरकार कसं चालतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आता येऊ स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीकडे. सुमारे 17 कोटी 30 लाख मतदार, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या बायका. यादी करताना मात्र अधिकाऱ्यांना एक अडचण आली. उत्तरेकडच्या राज्यांत घरोघर गेल्यावर बायकांनी नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहा. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय यादीत जागा नाही. मुदत वाढवून दिली, पुष्कळ बायकांनी नावं सांगितली, तरी सुमारे 28 लाख बायकांची नावं शेवटी वगळावी लागली. 28 लाख! देशातलं पहिलं मत, आणि ते गेलं घरातल्या रितीपायी. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण मला तो योग्य वाटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत यादीत बाई तिच्या नावाने आली.

या निवडणुकीत लोकसभेच्या 489 जागा होत्या. निवडून आलेल्या बायका जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. मराठी मुलखातून पुण्याच्या इंदिराबाई मायदेव आल्या.  आणि नागपुरातून अनसूयाबाई. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1928 साली गव्हर्नरच्या मर्जीने आलेली बाई आता सगळ्या प्रौढ नागपूरकरांच्या मतांवर दिल्लीला निघाली, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी.

त्यांचं राजकारण सगळ्यांना पटेलच असं नाही, आणि तसा आग्रहही नको. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात आलं. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण काँग्रेसच्या विरोधात गेले. आपल्या ठाण्यातून शामराव परुळेकर निवडून आले. अनसूयाबाई काँग्रेसमध्येच राहिल्या आणि जिंकल्या. विदर्भाचं गणित वेगळं होतं. ज्यांच्या घरात त्या लढ्यात लाठ्या खाल्लेली माणसं आहेत, त्यांना हे खटकेल. मी त्यांना दोष देणार नाही.

पण त्या पहिल्या लोकसभेने एक काम केलं, ज्यामुळे मी आज दापोड्यात हा विषय घेतला. ते काम म्हणजे वारसाहक्क.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. 1937 साली मुंबईचे नामांकित सर्जन आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांनी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा झाला. हिस्सा तोही तिच्या हयातीपुरता, विकण्याचा पूर्ण अधिकार नाही. मुलीला काहीच नाही. आणि 1941 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, कारण शेती हा प्रांतांचा विषय. म्हणजे जिथे सगळी मिळकत शेतच आहे, तिथे बाईच्या हाती शून्य. मग बेनेगल राव यांची समिती आली, हिंदू कोड बिल आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते तडीस न्यायला जिवाचं रान केलं आणि ते रखडलं तेव्हा 1951 च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलं. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून पहिल्या लोकसभेने ते एकेक मंजूर केले: 1955 मध्ये विवाहाचा कायदा, 1956 मध्ये वारसाचा. 1956 च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी आली, हयातीपुरती ही अट गेली. मुलगी वारस झाली. महिला परिषदेने 1934 साली जे मागितलं होतं, त्याचा मोठा भाग बावीस वर्षांनी, परिषदेच्या एक माजी अध्यक्ष सभासद असलेल्या सभागृहात कायदा झाला.

तरी एक खिंडार राहिलंच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क मुलालाच होता. ते बुजवायला महाराष्ट्राने 1994 मध्ये दुरुस्ती केली, पण तोवर ज्यांची लग्नं झाली होती त्या मुलींना वगळून. केंद्राने 2005 मध्ये सगळ्या मुलींना मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही.

आता आपल्या गावांकडे बघू. इथे भाताची खाचरं होती. मग भिवंडीचे यंत्रमाग वाढले, मुंबईचा माल साठवायला जागा हवी झाली, आणि दापोडे, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. देशभरच्या ऑनलाइन खरेदीचा माल आज इथल्या गाळ्यांतून फिरतो. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिला सोन्याचा भाव आला. आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत बहिणीला बोलावणं येऊ लागलं: ‘ताई, एक सही हवी आहे.’ हक्कसोडपत्रावरची सही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहीण जाते, अंगठा किंवा सही देते, साडी-चोळी घेऊन घरी येते. तलाठी फेरफार करतो, आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव उतरतं. कधी वारस नोंदच अशी होते की बहिणींची नावं अर्जातच नसतात.

सगळ्याच बहिणी फसवल्या जातात असं मी म्हणत नाही. कितीतरी जणी खुशीने सोडतात, भावाचं घर चालावं म्हणून, माहेर तुटू नये म्हणून. त्या मायेचा मी अपमान करणार नाही. पण सही करण्याआधी तिला ठाऊक असावं की आपण काय सोडतो आहोत, त्याची आजची किंमत काय, आणि नाही म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहेर टिकवण्याची सगळी किंमत बहिणीनेच का मोजायची? भावानेही थोडी मोजावी. सभागृहातल्या बायकांनी आणि आंबेडकरांसारख्या माणसांनी जे कलम झगडून मिळवलं, ते एका दुपारच्या सहीने पुसलं जातं, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

आणखी एक, सरपंचपदाबद्दल. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 पासून त्या निम्म्या केल्या. जिल्ह्यात आज शेकडो बायका पंचायतीत बसतात. काही ठिकाणी त्यांचे नवरे बैठक चालवतात, हेही आपण सगळे बघतो. यावर हसणाऱ्यांना मी अनसूयाबाईंचं 1928 साल सांगतो. त्यांचीही पहिली जागा दुसऱ्याच्या मर्जीची होती. जागा कशी मिळाली यावरून बाईची परीक्षा करू नका. पुढच्या ग्रामसभेत ती जमाखर्चाचं पुस्तक स्वतः उघडते का, प्रोसिडिंग स्वतः वाचून सही करते का, ते बघा, आणि करत नसेल तर तिला शिकवायला कोण पुढे येतं तेही बघा. नव्या सदस्येला ग्रामसेवकाच्या टेबलापर्यंत एकटीने जायला जी हिंमत लागते, ती मी कमी समजत नाही.

भिवंडीतून लोकसभेवर 2009 पासून चार वेळा निवडणूक झाली, चारही वेळा पुरुष निवडून आले. 2024 मध्ये देशभरातून 543 पैकी 74 बायका लोकसभेत गेल्या. 2023 मध्ये संसदेने एकशे सहावी घटनादुरुस्ती करून लोकसभा आणि विधानसभांत तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर त्या अमलात येतील अशी तरतूद त्याच दुरुस्तीत केली. त्या जागा येतील तेव्हा या पट्ट्यातून उभी राहील अशी बाई आत्ताच कुठल्या तरी पंचायतीत, बचत गटात किंवा शाळा व्यवस्थापन समितीत बसलेली असणार. तिला विधेयक वाचता यावं यासाठी आज काय करता येईल, यावर इथल्या मंडळींनी वेगळी बैठक घ्यावी अशी माझी विनंती आहे. मी नक्की येईन.

माझं बोलणं इथे थांबवतो. आयोजकांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. वारस नोंद, फेरफार किंवा हक्कसोडपत्र यांबद्दल ज्या बहिणींना विचारायचं आहे, त्यांनी आधी विचारावं. उभं राहून विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून पुढे पाठवा, नाव घातलं नाही तरी चालेल. राजकारणावरचे प्रश्न आपण त्यानंतर घेऊ.